मंडईच्या वाटेवरची माणसे

पुण्याच्या भर पेठांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना ‘गजबज’ या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. आमचे बिऱ्हाड शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या बाजूस, नदीपासून हाकेच्या अंतरावर होते. दर रविवारी आजीबरोबर मंडईस जावयाचे, हा आम्हा भावंडांचा नेम. अप्पा बळवंत चौकात जुन्या क्रमिक पुस्तकांच्या गठ्ठ्यांपाशी आमचा पाय अडखळे; तुळशीबागेत रामाचे दर्शन होईतो धाकट्या बहिणीचे डोळे पितळी भातुकलीवर खिळलेले असत; आणि पुढे मंडईचा अष्टकोनी मनोरा दिसला, की कोथिंबिरीचा, झेंडूचा आणि घामाचा मिश्र वास नाकाशी येई.

ही मंडई १८८६ साली तत्कालीन गव्हर्नरांच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणून उघडली. ज्या महात्मा फुल्यांनी नगरपालिकेत तिच्या खर्चास विरोध केला होता, त्यांचेच नाव तिला पुढे मिळाले. हे आम्हास फार उशिरा कळले. त्या वयात इमारतींपेक्षा माणसेच आमच्या ध्यानात राहत.

आणि माणसे तरी किती! पहाटे मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव चिपळ्या वाजवीत येई. कल्हईवाला वाड्याच्या चौकात खड्डा करून भाता लावी. तापलेल्या पातेल्यात नवसागराची पूड टाकताच पांढऱ्या धुराचा लोट उठे, मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने तो अशी चांदी पसरवी, की आम्हास तो जादूगारच वाटे. मंडईपाशी हमाल, टांगेवाले, लिंबे-मिरच्या विकणाऱ्या म्हाताऱ्या! या साऱ्यांची हाळी आम्हास तोंडपाठ होती आणि जेवणानंतर त्यांच्या नकला करून आम्ही घरच्यांना हसवीत असू. नाव मात्र एकाचेही ठाऊक नव्हते. ते विचारावयाचे असते, हेच कधी कोणाच्या मनात आले नाही.

यांतच एक बोहारीण होती. तुळशीबागेच्या तोंडाशी ती टोपली घेऊन बसे आणि महिन्यातून एकदा आमच्या वाड्यात येई. आजीचे जुने लुगडे ती उजेडात धरून पाही.

“आई, हे तर पार विरलंय!”

“विरलं असेल तर ठेव इथंच!” आजीचे उत्तर ठरलेले. अर्धा तास घासाघीस चाले. शेवटी एखादे पातेले ठरे, आणि ते चिंचेने घासून, वर पाणी शिंपडूनच आजी आत नेई. बोहारणीने पाणी मागितले, तर ते पायरीखाली तिच्या ओंजळीत वरून ओतले जाई. आम्हास त्यात यत्किंचितही वावगे वाटत नसे.

१२ जुलै १९६१ या दिवशी पानशेतचे अपुरे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही फुटले, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. लकडी पूल दिसेनासा झाला. आम्ही अंगावरच्या वस्त्रांनिशी शुक्रवार पेठेत मामांकडे पळालो, म्हणून वाचलो. परतलो तेव्हा घरात मांडीपर्यंत गाळ होता आणि ट्रंकांतील कपड्यांचा चिखलाशी एकजीव झाला होता. नळ कोरडे पडल्याने धुण्यास पाणीही नव्हते.

आठवड्याने बोहारीण आली. टोपली नव्हती, डोक्यावर गाठोडे होते.

“आई, आज भांडी न्हाई आणली. ह्यात तुमचीच दोन लुगडी हायेत, बाकी हिकडची तिकडची. समदी धुऊन आणल्यात. पोरांना अंगावर घालाया नको का?”

आजी काही वेळ बोललीच नाही. मग तिने ते गाठोडे दोन्ही हातांनी घेतले आणि तसेच आत नेले. पाणी शिंपडले नाही. बाहेर येऊन ती म्हणाली, “वर ओसरीवर बैस. तुझं नाव काय गं?”

तिने नाव सांगितले. पैसे घेतले नाहीत. त्या पावसाळ्यात आमची आई जे लुगडे नेसत असे, त्याची विरलेली जागा पूर्वी त्याच बाईने उजेडात धरून दाखविली होती. तिचे स्वतःचे घर त्या पुरातून वाचले होते की नाही, हे विचारण्याचे मात्र आम्हा कोणासही सुचले नाही.

आज तुळशीबागेत गर्दी पूर्वीसारखीच आहे, आणि २०२४ सालापासून मंडईच्या पोटातून भुयारी मेट्रो धावते. वाड्यांच्या जागी सदनिका झाल्या. बोहारीण दारी येणे विरळ झाले. नातवंडांना आम्ही कल्हईवाल्याची हाळी अजून हुबेहूब करून दाखवितो, आणि ती हसतात.

आजीने त्या बाईस पुढे अखेरपर्यंत नावाने हाक मारली. आम्ही ते नाव विसरलो आहोत. साऱ्या पेठेच्या हाळ्या ज्यांच्या स्मरणात राहिल्या, त्यांना ते एक नाव आठवू नये, याची लाज वाटते.