गोळी आधी, रायफल नंतर

स्वीडनमध्ये मूसच्या शिकारीला जायचं ठरवलं की भेटेल तो माणूस रायफलीबद्दल बोलायला लागतो. बोर कुठलं, बनावट कुणाची, दुर्बीण कुठली. गोळीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला मात्र सगळ्यात जास्त विचार गोळीचाच करावा लागला. आज आमच्या शिकारमंडळात कुणी नवखं माणूस विचारायला आलं, तर मी सुरुवात तिथूनच करते.

मी मूळची अचलपूरची. घरी आजोबांची ३१५ बोरची रायफल होती, ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली. लष्कराच्या ३०३ ची काडतुसं साध्या नागरिकाला बाळगता येत नसत, म्हणून ऑस्ट्रियाच्या जुन्या आठ मिलिमीटर मॅनलिखर काडतुसावर बेतलेलं हे बोर हिंदुस्थानात रुजलं. काडतुसाच्या बुडावर 'के एफ' अशी अक्षरं असायची. ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण. हा कारखाना १८६९ पासूनचा. गोळी जवळजवळ सोळा ग्रॅमची, जाड आणि सावकाश जाणारी. पिकात घुसणाऱ्या रानडुकरांसाठी आजोबांनी ती घेतली होती. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, तेव्हा त्यांनी रायफल तेल लावून कपाटात ठेवली ती कायमची. मी ती फक्त पुसताना पाहिली. पण जनावर पडायचं असेल तर गोळी आत खोल गेली पाहिजे, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की स्वीडनमधल्या वेस्तेरोसला आल्यावर, इतक्या वर्षांनी, तेच माझ्या कामी आलं.

इथे १९८५ पासून नव्या शिकाऱ्याला परीक्षा दिल्याशिवाय शिकारीच्या बंदुकीचा परवाना मिळत नाही. प्राणी ओळखणं, कायदा, बंदूक हाताळण्याची सुरक्षितता, अंतराचा अंदाज आणि प्रत्यक्ष नेमबाजी, असं सगळं त्यात येतं. मूस, लाल हरीण, रानडुक्कर, अस्वल ही जनावरं वर्ग एकमध्ये मोडतात आणि त्यांच्यासाठी दारूगोळ्याचा किमान दर्जा ठरलेला आहे. नऊ ग्रॅमची गोळी असेल तर १०० मीटरवर तिच्यात २७०० ज्यूल शक्ती उरली पाहिजे. दहा ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर २००० ज्यूल पुरे. शिवाय ती आत गेल्यावर फुलणारी हवी. म्हणजे स्वीडिश लोकांची लाडकी ६.५×५५ दहा ग्रॅमच्या गोळीसह कायद्यात चोख बसते. याच बारीक काडतुसाने इथे पिढ्यान्‌पिढ्या मूस पडले आहेत. मग त्याहून मोठ्या बोरची गरज काय?

आमच्या मंडळात यावर दोन तट होते. म्हाताऱ्या मंडळींपैकी काही जण ६.५ ला चिकटून होते, तर काहींच्या खांद्याला हुस्कवार्नाच्या जुन्या ९.३ लटकलेल्या असत. मधल्या वयाचे दोघे-तिघे ३३८ विंचेस्टर मॅग्नम आणि ३७५ एच अँड एच वापरत. ही आफ्रिकेच्या वाटेवरची बोरं. ३७५ तर १९१२ पासून हत्ती-गव्यापर्यंतच्या शिकारीत मुरलेलं. प्रत्येकाने मला आपली रायफल चालवून बघायला दिली, हा त्यांचा मोठेपणा.

मूस म्हणजे काय ते समोर पाहिल्याशिवाय कळत नाही. मोठा नर चारशे किलोच्या वर जातो. खांद्याचं हाड मनगटाएवढं जाड. फुप्फुसात गोळी लागली तरी तो लगेच कोसळत नाही, काही अंतर चालतो, कधी नुसता उभा राहतो. आमचं जंगल बर्गस्लागेनचं: स्प्रूस आणि बर्चची दाट झाडी, मधे दलदल, मधेच तोडलेल्या झाडांची मोकळी पट्टी. ठिय्यावर बसलं की पन्नास-साठ मीटरपलीकडचं जेमतेम दिसतं. शंभरच्या पुढे बार टाकायची वेळ क्वचितच येते. अशा ठिकाणी सपाट उडणाऱ्या वेगवान गोळीचा उपयोग थोडा. उपयोग आहे तो अशा गोळीचा, जी तिरप्या कोनातून हाड फोडून, फुप्फुस ओलांडून पलीकडे बाहेर पडेल. बाहेर पडलेल्या गोळीचं भोक मोठं असतं, रक्त जमिनीवर सांडतं आणि कुत्र्याला माग मिळतो. मूसच्या शिकारीत जखमी जनावर शोधणारा तयार कुत्रा दोन तासांच्या आत जागेवर पोहोचला पाहिजे, असा इथला नियमच आहे. पण कुत्र्यावर वेळ येऊ नये, यासाठीच तर सगळी निवड करायची.

३३८ आणि ३७५ चा प्रश्न माझ्यासाठी रेंजवर सुटला. इथे नेमबाजीच्या मैदानावर ८० मीटरवर पूर्ण आकाराचा मूस उभा असतो. तो रुळांवरून डावीकडून उजवीकडे, मग उलटा धावतो. एका जाणत्या शिकाऱ्याने माझ्या नकळत मॅगझीनमध्ये खऱ्या काडतुसांत एखादं पोकळ सरावाचं काडतूस मिसळलं. चाप ओढला, बार झाला नाही, पण नळी खाली झुकली. धक्क्याच्या भीतीने शरीर आधीच आवळतं आणि माणसाला ते कळतही नाही. ३३८ वर माझी नळी दर वेळी झुकत होती. ९.३ वर ती हलत नव्हती. धक्का ९.३ लाही आहे, ६.५ च्या दुपटीहून जास्त. पण तो सावकाश, ढकलल्यासारखा येतो, थप्पड मारल्यासारखा नाही. मोठ्या बोरच्या गोष्टी सांगणाऱ्या प्रत्येकाने ही पोकळ काडतुसाची परीक्षा एकदा द्यावी, असं मला मनापासून वाटतं. ज्या रायफलीने नळी झुकते ती रायफल, तिची शक्ती कागदावर कितीही असो, जनावराला पोटात जखम करणारी रायफल आहे.

९.३×६२ हे काडतूस १९०५ साली बर्लिनच्या ओटो बॉक या बंदूककाराने काढलं. गोळीचा व्यास ९.३ मिलिमीटर, काडतुसाचं नळकांडं ६२ मिलिमीटर लांब. इंग्रजी बनावटीच्या दुनळ्या रायफली त्या काळी संस्थानिकांनाच परवडाव्यात अशा. बॉकने हे काडतूस साध्या माऊझर ९८ च्या यंत्रात बसेल असं बेतलं, आणि आफ्रिकेतल्या जर्मन शेतकऱ्यांना एका स्वस्त, मजबूत रायफलीत मोठ्या जनावरांचं काम करता येऊ लागलं. मूळची गोळी साडेअठरा ग्रॅमची. त्या काडतुसात आजही फारसं काही बदलावं लागलेलं नाही, याचं मला फार कौतुक आहे. १०० मीटरवर नेम बसवला तर २०० मीटरवर ती जवळजवळ वीतभर खाली जाते. आमच्या झाडीत तो प्रश्नच येत नाही.

एक समज मात्र खोडून काढला पाहिजे. जड गोळी झुडपातून सरळ निघून जाते, असं जुने लोक सांगतात. तसं होत नाही. फांदीला लागलेली कुठलीही गोळी वाकडी जाते. जड गोळी कमी जाईल एवढंच, आणि त्या कमीवर भरवसा ठेवून बार टाकायचा नसतो.

रायफल मी जुनीच घेतली, १९५० च्या दशकातली हुस्कवार्ना, माऊझरच्या यंत्रावरची. फिनलंडच्या टिका रायफली नव्या, हलक्या आणि अचूक आहेत, पण हलकेपणाची किंमत खांदा मोजतो. माझ्यापुढची खरी अडचण वेगळी होती: लाकडी कुंदा. बहुतेक कुंदे सहा फुटी पुरुषाच्या हाताच्या मापाने बनतात. मी पाच फूट दोन इंच. लांब कुंदा खांद्यात बसत नाही, दंडावर टेकतो, मान पुढे ताणावी लागते आणि दुर्बिणीची कड भुवईवर येते. हिवाळ्याचं जाड जाकीट अंगात असलं की आणखी दोन सेंटिमीटर वाढतात. गावच्या सुताराकडून नव्हे, बंदूककाराकडूनच तो कापून घेतला आणि मागे जाड रबराची गादी बसवली. याच एका कामाने माझा नेम जेवढा सुधारला तेवढा कुठल्याही नव्या दुर्बिणीने सुधारला नसता. दुकानात बोराबद्दल तासभर बोलणारा विक्रेता कुंद्याच्या लांबीबद्दल एक शब्द बोलत नाही, हे मला आजही खटकतं. विशेषतः बाया आणि तरुण मुलं समोर असताना.

मग गोळी. १९०२ साली सुरू झालेली नॉर्मा ही कंपनी नॉर्वेच्या सीमेलगत ओमोतफोर्स गावात दारूगोळा बनवते, आणि त्यांच्या एकाच बोरच्या डब्यांत किती वेगवेगळ्या गोळ्या असतात हे पाहून माणूस चक्रावतो. अलास्का नावाची साधी, मऊ शिशाचं नाक उघडं ठेवलेली. व्हल्कन, जिच्यात तांब्याचं आवरण नाकापाशी आत दुमडलेलं. ओरिक्स, जिच्यात शिसं आवरणाला जोडून टाकलेलं असतं म्हणून गोळी फुलली तरी फुटून विखुरत नाही. आणि मग सबंध तांब्याच्या गोळ्या: बार्न्सच्या, फिनलंडच्या लापुआची नातुरालिस.

साधी शिशाची गोळी लवकर फुलते. फुप्फुसात लागली तर काम झटकन होतं. पण जवळच्या अंतरावर खांद्याच्या हाडाला भिडली तर तिचे तुकडे होतात, निम्मं वजन वाटेतच सांडतं आणि उरलेली गोळी पलीकडे पोचत नाही. वर खांद्याचं मांस रक्ताळून वाया जातं. आमच्याकडे मांस चिठ्ठ्या टाकून सगळ्यांत वाटलं जातं. एकाच्या गोळीने खराब केलेला खांदा दुसऱ्याच्या वाट्याला येतो. व्यासाच्या मानाने गोळी जितकी वजनदार आणि जितकी एकसंध, तितकी ती खोल जाते. ९.३ ची साडेअठरा ग्रॅमची जोडीव गोळी म्हणूनच मला सुरुवातीला पसंत पडली. तिने मी पहिला मूस पाडला. कुत्र्याने एका जागी भुंकून थोपवून धरलेली मादी होती, अंतर पन्नास मीटरच्या आत. गोळी एका बरगडीतून शिरून दुसऱ्या बाजूच्या खांद्याआडून बाहेर पडली. मादी पाच-सात पावलं चालली आणि बसली.

तरी मी तांब्याकडे वळले, आणि त्याला कारण माझी मुलगी. शिशाच्या गोळीतून बारीक कण मांसात दूरवर पसरतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. इथल्या अन्न खात्याचा सल्ला आहे की गोळीच्या वाटेभोवती रक्ताळलेलं मांस तर काढावंच, शिवाय त्यापलीकडचं दहा सेंटिमीटर काढावं, आणि लहान मुलं व गरोदर बायकांच्या बाबतीत जास्त काळजी घ्यावी. माझ्या घरी मूसचा रस्सा काळ्या मसाल्यात होतो आणि सात वर्षांची पोर तो दोनदा मागून खाते. शिवाय रानात टाकलेली आतडी खायला समुद्रगरुड येतात. त्यांच्या मृत्यूत शिशाची विषबाधा हे इथलं ओळखीचं कारण आहे. हे माहीत झाल्यावर शिशाची गोळी भरायला माझा हात धजावत नाही.

पण तांबं शिशापेक्षा हलकं. तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, काडतुसात दारूची जागा खाते आणि नळीतल्या आट्यांना ती नीट फिरवता आली पाहिजे. म्हणून तांब्याची गोळी थोडी कमी वजनाची घ्यायची. मी साडेअठरावरून सव्वासोळा ग्रॅमच्या आसपास आले. ती वजन जवळजवळ सगळं टिकवते, त्यामुळे खोली कमी होत नाही. उणीव एकच: फुलायला तिला वेग लागतो. म्हणून लांबचा बार नको, आणि नेम पोकळ जागेत मागे नव्हे, खांद्याला लागून. या बाबतीत ९.३ चं मोठं भोक कामी येतं. कमी फुलली तरी ती मुळातच जाड आहे. तांबं वापरायचं असेल तर मध्यम बोरचा फायदा ६.५ पेक्षा स्पष्ट दिसतो, असं माझं मत झालं आहे.

गोळी बदलली की नेम बदलतो, हे सांगायला नको वाटतं, पण दर ऑक्टोबरात कुणी तरी नवा डबा उघडून सरळ ठिय्यावर जातं. माझ्या रायफलीत तांब्याची गोळी शिशाच्या गोळीपेक्षा १०० मीटरवर चार बोटं वर आणि थोडी डावीकडे पडली. सरावासाठी वेगळी स्वस्त गोळी आणि शिकारीसाठी महागडी, असं करणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. सरावाच्या शेवटच्या फैरी तरी शिकारीच्याच काडतुसांनी व्हाव्यात, थंड नळीने, उभ्याने, अंगात जाकीट घालून.

यंदा मंडळात एक नवी मुलगी आली आहे, कृषी विद्यापीठातली. तिनेही पहिला प्रश्न बोराचाच विचारला. मी तिला माझी हुस्कवार्ना खांद्याला लावायला दिली आणि तिचं कोपर, गाल, बोट कुठे येतं ते पाहिलं. कुंदा तिला आखूड पडला, ती माझ्याहून हातभर उंच आहे. शनिवारी ती आमच्या म्होरक्याची ६.५ आणि माझी ९.३ दोन्ही धावत्या मूसवर चालवून बघणार आहे. पोकळ काडतुसं मी माझ्या खिशात ठेवली आहेत.