जाळायचे बाहुले, जपायचे बैल

काही ना काही जमवायचा छंद तुम्हाला असेलच. कुणी तिकिटे जमवतो, कुणी नाणी, कुणी काड्यापेटीचे छाप. सिनेमातल्या माणसांचे छोटे छोटे पुतळे जमवणारेही जगात पुष्कळ आहेत. या पुतळ्यांना ‘ॲक्शन फिगर’ म्हणतात. त्या नावाची गंमत ऐका. १९६४ साली अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ नावाचा बारा इंची सैनिक काढला. पण बाहुली म्हटले की मुलगे हात लावणार नाहीत, अशी धास्ती! म्हणून हे नवे नाव शोधले. पुढे १९७८ पासून ‘स्टार वॉर्स’ सिनेमाचे पावणेचार इंची पुतळे आले आणि मुले एकावर न थांबता अख्खी पलटण जमवू लागली.

आमची कोराडी नागपूरच्या उत्तरेला, सावनेरच्या रस्त्यावर आहे. दुरूनच औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या दिसतात. मग तलाव आणि जगदंबेचे देऊळ. इथे माझ्या चौथीच्या वर्गात एका मुलाने असाच एक पुतळा आणला. काळा कोट, काळा टाय. मामाने परदेशातून पाठवलेला. ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’ या १९९२ सालच्या इंग्रजी सिनेमातला तो दरोडेखोर. सिनेमा मोठ्यांसाठीचा आहे, तुम्ही पाहायची घाई करू नका. पण एवढे सांगतो, त्यातली टोळी हिऱ्यांवर डल्ला मारायला निघते आणि एकमेकांची खरी नावे कळू नयेत म्हणून रंगांची नावे घेते. मिस्टर पिंक, मिस्टर ऑरेंज, मिस्टर व्हाइट!

पुतळा बंद खोक्यातच होता. खोके फोडले की किंमत उतरते, म्हणून मामाने बजावले होते.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, हा तं चोर हाय न? मंग याले जपून काऊन ठेवते?”

प्रश्न सोपा नव्हता. आपल्याकडे १९७५ साली ‘शोले’ आला. त्यातला गब्बरसिंग म्हणजे क्रूर डाकू. पण अमजद खान यांनी तो असा उभा केला, की पुढे गब्बर ग्लुकोज बिस्किटांच्या जाहिरातीतही झळकला! वाईट माणूससुद्धा लोकांना बघायला आवडतो, हे खरेच. मग त्याचे करायचे काय? मी म्हटले, “पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरला जाऊ. तिथे बघा.”

श्रावणातल्या अमावास्येला पोळा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी काही पालकांना सोबत घेऊन आम्ही बसने निघालो. मानकापूर, छावणी, सदर मागे टाकून इतवारीकडे गेलो. गल्लीबोळ माणसांनी भरलेले, गच्च्यांवरही गर्दी. हा मारबतीचा दिवस! ढोलताशांच्या गजरात काळी मारबत आली. ही परंपरा १८८१ पासूनची. मग आली १८८५ पासून निघणारी पिवळी मारबत. दोन्ही भल्याथोरल्या बाया. काळीला कुणी पूतना मावशी म्हणतात, तर कुणी इंग्रजांना मिळालेल्या भोसले घराण्यातल्या बाकाबाईची गोष्ट सांगतात.

“सर, इथंबी रंगाचीच नावं!” मागच्या बाकावरचाच तो आवाज.

त्यांच्यामागून बडगे आले. बडगे म्हणजे त्या त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला त्याचे पुतळे. महागाई, भ्रष्टाचार, दहशतवाद. गळ्यात पाटी, पाटीवर नाव आणि चिमटे. लोक हसत होते, ओरडत होते. रोगराई, संकटे घेऊन जा, असे मारबतीला सांगत होते. मिरवणूक संपली की हे सारे पुतळे जाळतात. इतक्या मेहनतीने बांबू-कागद-कापडाचे रूप उभे करायचे, दिवसभर मिरवायचे आणि राख करायची. पुढल्या वर्षी पुन्हा नवे. वाईटाला नागपूरकर नाव देतात, चेहरा देतात. पण कपाटात जागा देत नाहीत.

संध्याकाळच्या आत आम्ही कोराडीला परतलो, कारण त्याच दिवशी तान्हा पोळा असतो. हा पोरांचा पोळा. नागपूरचे दुसरे रघुजीराजे भोसले यांनी तो १८०६ साली सुरू केला असे सांगतात. चाकांवरचे लाकडी बैल घेऊन मुले तोरणाखाली जमली. कुणाचा वीतभर, कुणाचा गुडघ्याएवढा. अंगावर झूल, गळ्यात घुंगरू, शिंगांना बेगड. मग घरोघर बैल ओढत न्यायचा आणि बोजारा, म्हणजे पैसे किंवा खाऊ, मिळवायचा.

पुतळेवाला मुलगाही आला. त्याच्याकडे आजोबांच्या लहानपणचा सागवानी बैल होता. एक कान तुटलेला, एक चाक बदललेले, पाठ हात लागून लागून गुळगुळीत झालेली. वडिलांनी रंगवला होता, त्यावर या वर्षी त्याने रंग दिला.

मी विचारले, “याची किंमत किती रे?”

तो म्हणाला, “सर, हा इकायचा नाही.”

खोक्यातल्या दरोडेखोराला हात लागला की त्याची किंमत उतरते. या बैलाला तीन पिढ्यांचे हात लागले, म्हणून तर तो अनमोल झाला. अर्थात मामाची भेटही त्याने टाकलेली नाही, टाकूही नये. मामाची माया त्यात आहेच. पण वर्षातून एकदा दाराबाहेर निघतो, तो बैल!

तुमच्या घरीही माळ्यावर असे काही असेल. काढा, पुसा, कुणाचे होते ते विचारा. आणि पोळ्याला आमच्याकडे याच. सकाळी मारबत बघू, संध्याकाळी बोजारा मागू. एक बैल तुमच्यासाठी ठेवतो.