दहा नद्या ओलांडून द्राक्षांच्या गावा

मोशीहून नाशिकला निघालात की गाडी दहा नद्या ओलांडते. खोटं वाटतंय? मोजा. मोशी सुटताच इंद्रायणी, चाकणच्या पुढे वाकीजवळ भामा, राजगुरुनगरला भीमा, कळंबला घोड, नारायणगावला मीना, पिंपळवंडीजवळ कुकडी, घारगावला मुळा, संगमनेरला प्रवरा, नाशिकरोडच्या अलीकडे दारणा आणि मग साक्षात गोदावरी. यातले निम्मे पूल आपण मोबाइलमध्ये डोकं घालून पार करतो (ड्रायव्हर सोडून हं, निदान तशी आशा आहे!). मी या वेळी ठरवून मोजले. कारण सोबत दादा होते, आणि दादांना नदीचं नाव सांगितल्याशिवाय पूल ओलांडलेला चालत नाही.

या ट्रिपचं खूळ डोक्यात शिरलं ते ऑफिसमध्ये. आमच्या टीममधली एक जण पोर्तुगालला जाऊन आली आणि तिने डौरो नदीच्या खोऱ्यातले फोटो दाखवले. लिहितात डौरो, म्हणतात दोरू, हेही तिनेच शिकवलं. काय तो देखावा! नदीपासून डोंगरमाथ्यापर्यंत दगडी बांध, बांधांवर द्राक्षवेली, खाली पाण्याच्या काठाकाठाने धावणारी चिमुकली रेल्वे आणि पिन्याव नावाच्या स्टेशनवर निळ्या-पांढऱ्या फरशांमध्ये रंगवलेली द्राक्षांची तोडणी. जगप्रसिद्ध पोर्ट वाइन ती इथलीच. 1756 मध्ये तिथल्या सरकारने या खोऱ्याची हद्द आखून दिली. आपल्याकडे त्याच वर्षी विजयदुर्गावर आंग्र्यांचं आरमार जळत होतं! 2001 मध्ये युनेस्कोने हे खोरं जागतिक वारशात घेतलं. फोटो बघून सगळ्यांनी एकसुरात 'वॉव' केलं, आणि कोपऱ्यातला निफाडकर शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे या. व्हिसा लागत नाही."

(निफाडकर हे त्याचं आडनाव नाही. निफाडचा म्हणून निफाडकर.)

तर फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पहाटे पाचला निघालो. पाचला, कारण सातनंतर चाकण चौकात अडकलात तर वीकएण्ड तिथेच साजरा करावा लागतो. डौरोकाठी रेल्वे आहे; आपली पुणे-नाशिक थेट रेल्वे अजून कागदावरच धावतेय. तिच्या वाटेत खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण येते, म्हणून मार्गच बदलायचं ठरलं. तोवर आपण आणि आपला हायवे.

दादा का आले, हे सांगायला हवं. निघोज्याला आमची साडेतीन एकर जमीन होती. कांदा, बटाटा, कडेला थोडी ज्वारी. ती कारखान्यांसाठीच्या संपादनात गेली तेव्हा मी शाळेत होते. मोबदला मिळाला, त्यात मोशीला घर झालं, माझं इंजिनिअरिंग झालं. आज मी ज्या कंपनीत जाते ती जुन्या शेतापासून चार किलोमीटरवर आहे. तक्रार नाही. पण दादा गेली पंधरा-सोळा वर्षं कुणाच्याही शेतात गेलेले नाहीत. नातेवाइकांच्या लग्नाला जातात, हुरड्याचं आमंत्रण आलं की मात्र गुडघा दुखतो. शिवाय गळ्यात तुळशीची माळ. वाइनच्या गावाला ते येतील असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. "द्राक्षं बघायला येतो," म्हणाले, आणि पहाटे माझ्याआधी तयार!

नारायणगावला चहा घ्या. हे गाव तुम्हाला विठाबाईंच्या तमाशासाठी किंवा मासवडीसाठी ठाऊक असेल, पण भारतीय वाइनच्या गोष्टीत याचा मान पहिल्या काही पानांवर आहे. 1980 च्या दशकात शामराव चौगुले यांनी इथे इंडेजची वायनरी उभी केली, शॅम्पेन बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीचं तांत्रिक साहाय्य घेतलं आणि मीना नदीकाठची फसफसती वाइन 'ओमर खय्याम' नावाने युरोपात विकली. चाकणपासून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवर! 2008 नंतरच्या मंदीत कंपनी कर्जात बुडाली, हा पुढचा भाग. आता इथे डोळ्यांना दिसतात ते टोमॅटोचे क्रेट आणि जुन्नरच्या काळ्या द्राक्षांचे बाग.

मग आळेफाटा, चंदनापुरीचा घाट, संगमनेर, सिन्नर. हा पट्टा मी भराभर सांगते, कारण गाडीतही तो झोपेतच गेला.

नाशिकमध्ये शिरल्यावर थेट गंगापूर धरणाकडे वळलो. 1965 मध्ये पूर्ण झालेलं हे गोदावरीवरचं मातीचं धरण. त्याच्या आसपासच्या उतारांवर वायनऱ्यांची दाटी आहे, सुला, यॉर्क, सोमा वगैरे. स्पष्टच सांगते, डौरोचा थरार इथे नाही. तिथे माणसांनी पिढ्यान् पिढ्या डोंगर फोडून बांध रचले. आपल्याकडे सौम्य उतार, मुरमाड जमीन, तारांवर चढवलेल्या सरळ रांगा आणि मागे बेसॉल्टचे चपट्या माथ्यांचे डोंगर. पण संध्याकाळी धरणाच्या पाण्यावर ऊन तिरपं झालं की कॅमेरा खाली ठेववत नाही. आणि एक गंमत बघा. डौरो स्पेनमध्ये उगवून इमानदारीत अटलांटिककडे जाते. आपली गोदावरी अरबी समुद्रापासून ऐंशी-एक किलोमीटरवर उगवते, त्याच्याकडे पाठ फिरवते आणि साडेचौदाशे किलोमीटर चालत बंगालचा उपसागर गाठते. मराठी बाणा म्हणतात तो हाच असावा.

सुलाची कथा बहुतेकांना माहीत असते. अमेरिकेत शिकून तिथली नोकरी सोडून परतलेले राजीव सामंत, घरची जमीन, 1990 च्या दशकात लावलेल्या वाइनच्या द्राक्षवेली, 2000 मध्ये बाजारात आलेली पहिली वाइन आणि आई सुलभाच्या नावावरून ठेवलेलं नाव. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, करात सवलत दिली, विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क काढले आणि जिल्ह्यात वायनऱ्यांचं पीकच आलं.

टूर घ्याच. स्टीलच्या उंच टाक्या, त्यांना गार ठेवणारे पाइप, गेज, व्हॉल्व्ह... आपल्या बेल्टमधल्या माणसाला एकदम शॉपफ्लोअरवर आल्यासारखं वाटतं. आंबवणं आपल्याला नवं थोडंच आहे? पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 मध्ये निघाली, तिथेही टाक्यांमध्ये बुरशी वाढवून पेनिसिलीनच काढायचे. गाइडने सांगितलं ते थोडक्यात असं : पांढऱ्या वाइनसाठी रस सालीपासून लगेच वेगळा करतात आणि थंडीत सावकाश आंबवतात, लालसाठी साली रसातच राहतात, रंग त्यांचाच. पोर्ट बनवताना मात्र साखर संपायच्या आतच द्राक्षांचा कडक मद्यार्क ओतून आंबणं थांबवतात, म्हणून ती गोड आणि तेज, दोन्ही. गोव्याहून मित्र जी स्वस्त गोड लाल 'पोर्ट' आणतात तिचा डौरोशी संबंध फक्त लेबलपुरता.

तिथल्या लाकडी पिंपांसमोर मला अगदी राहवलं नाही. 'पिंप' हा शब्दच पोर्तुगीज आहे, मंडळी! डौरोच्या साडेपाचशे लिटरच्या पिंपाला तिथे 'पिपा' म्हणतात. पिंपरीशी त्याचं काही नातं नाही, पण आपण महिनाअखेरीस ज्याची वाट बघतो तो 'पगार'ही त्याच जहाजातून आलेला.

टेस्टिंगला दादा बाहेर थांबले. मी आत पाच ग्लासांत नाक घालून 'पेरूचा वास येतोय का' हे ठरवत होते (शेना ब्लांमध्ये आला, शिराजमध्ये मिरी सापडली, बाकीचं माझ्या आवाक्याबाहेर). बाहेर आले तर दादा बागेच्या कडेला उकिडवे बसलेले. हातात माती. ठिबकची नळी उचलून बघत होते. मला म्हणाले, "पाणी किती मोजून देतात बघ." बस्स, एवढंच.

वाटेत परतताना एक गोष्ट खटकली. द्राक्षांच्या दोन बागांच्या मधोमध 'एनए प्लॉट', 'वाइनयार्ड व्ह्यू बंगले' असे फलक. लोक बाग बघायला येतात, बाग आवडते, म्हणून बागेच्या जागी बंगला बांधतात! दादांनी एका फलकावरचा भाव मोठ्याने वाचला आणि खिडकीची काच वर केली.

रविवारी सकाळी पंचवटीत नारोशंकराचं मंदिर बघितलं. वर जी प्रचंड घंटा आहे ना, ती पोर्तुगीज आहे. तिच्यावर 1721 हे साल आहे आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली त्या लुटीतून ती गोदाकाठी आली. म्हणजे पोर्तुगालचा नदीकाठ बघायचं आमचं स्वप्न तसं पुरं झालंच की! खाली दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या कुठवर चढलं त्यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात.

तिथून निफाड. निफाडकराचे काका आम्हाला घेऊन बागेत शिरले, थॉमसनचा मंडप, डोक्यावर हिरवे घड लोंबताहेत, उभं राहिलं की केसांना लागतात. काकांनी जे सांगितलं ते कुठल्याही टूरमध्ये मिळालं नव्हतं. डौरोत वेल हिवाळ्यात झोपते, वर्षातून एकदा छाटतात, सप्टेंबरच्या सुमारास तोडतात. आपल्या हवेत वेल झोपतच नाही. म्हणून दोन छाटण्या : एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार करण्यासाठी, आणि ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी. मधल्या पावसात नुसती पानं सांभाळायची. तोड जानेवारीपासून. त्यातच निफाडला राज्यातली कडाक्याची थंडी पडते, मणी तडकतात, मग रात्री बागेत शेकोट्या पेटवून धूर करायचा. आणि ऐन वेळी अवकाळी किंवा गारा आल्या तर दहा मिनिटांत वर्ष संपलं.

"वाइनची द्राक्षं नाही लावलीत?" मी विचारलं.

"लावली होती की," काका हसले. "2004 ला लावली, 2010 ला कुऱ्हाड घातली. मणी बारका, बियांचा, जाड सालीचा. वायनरीने माल घेतला, पैसे अडकले. आणि पेटीत भरून बाजारात नेला तर खाणार कोण?" त्या मंदीत अनेकांनी असंच केलं होतं. सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय सरकारने जानेवारी 2022 मध्ये घेतला, त्यावर गदारोळ उठला आणि तो अमलात आलाच नाही, हे काकांना तारखेसकट पाठ. एका बाजूला तुमच्या-आमच्यासाठीचा सनसेट आणि चीज प्लेट. दुसऱ्या बाजूला काकांची ही वही. दोन्ही एकाच नदीच्या पाण्यावर.

दादा आणि काका मग आमच्यापासून सुटलेच. कुठला खुंट वापरता, डॉगरिज का? गड्यांची मजुरी काय? एकरी खर्च किती? अर्ध्या तासाने बघते तर दादांच्या हातात कात्री, आणि ते एका घडातले खराब मणी अलगद काढताहेत. काका बाजूला उभे. कांदा पिकवलेला हात, पण काका म्हणाले, "बसला की हात."

वेळ असेल तर पुढे नांदूरमध्यमेश्वर गाठा. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा बंधारा, हिवाळ्यात पक्ष्यांची जत्रा, 2020 मध्ये राज्यातली पहिली रामसर पाणथळ जागा ठरलेली. आम्हाला काळोख व्हायच्या आत तासभरच मिळाला.

आणि हो, काही कामाच्या गोष्टी. जानेवारी ते मार्च हा तोडणीचा मोसम, तेव्हाच जा. पावसाळ्यात हिरवळ खूप, घड शून्य. वीकएण्डला टूरचं बुकिंग आधी करा. राज्यात वाइनसाठी वयाची अट 21 आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. ड्राय डे बघून निघा. जो चालवणार आहे त्याने फक्त द्राक्षं खायची, यात तडजोड नाही. आमच्यात ती जबाबदारी परतीला निफाडकरावर होती आणि तो सिन्नरपर्यंत कुरकुरत होता.

दादांनी काकांचा नंबर घेतलाय. दर रविवारी फोन होतो. फळछाटणी दसऱ्याच्या आगेमागे आहे, शुक्रवारची रजा आत्ताच टाकून ठेव, असं मला बजावण्यात आलंय. गुडघ्याबद्दल अजून काही ऐकलेलं नाही.