फरशीवरच्या खुणा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त आहे नातीचा ड्रोन.

ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तळहातावर मावेल एवढं यंत्र हॉलमध्ये आपलं आपण एका जागी तरंगत ठेवायचं, हा तिचा प्रोजेक्ट. मी म्हटलं, "अगं, जीपीएस आहे की!"

"आबा, ते उपग्रह २०,००० किलोमीटरवर. स्लॅबखाली त्यांचे संदेश धड पोचत नाहीत. पोचले तरी चूक काही मीटरची, आणि आपला हॉलच ४ मीटरचा!"

मग घरात कसं करायचं? यंत्राच्या पोटातले सेन्सर आपण किती सरकलो याचा हिशेब ठेवतात. पण हातचा विसरणाऱ्या मुलासारखी त्यांची चूक वाढत जाते. दुसरा उपाय, कोपऱ्यांत रेडिओची ठाणी बसवायची आणि लहर पोचायच्या वेळेवरून अंतर काढायचं. ती लहर सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटीमीटर जाते, म्हणजे घड्याळ तेवढंच चुकलं तरी फूटभर फरक! तिसरा उपाय स्वस्तातला. ड्रोनच्या पोटाखाली कॅमेरा लावायचा. खालची जमीन किती सरकली ते तो बघतो. हिने तोच घेतला.

ड्रोन उडाला आणि तिरका जाऊन सोफ्यावर आपटला. तीनदा. कारण आमची फरशी! पांढरी, गुळगुळीत, एक ठिपका नाही. कॅमेऱ्याने बघायचं तरी काय? मंगळावरच्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरचंही असंच झालं म्हणे. २०२१ पासून ७१ वेळा उडून उतरलं, पण जानेवारी २०२४ मध्ये ७२व्या खेपेला खाली नुसती वाळू. खुणा मिळाल्या नाहीत, अंदाज चुकला, पाती मोडली.

मी आतून गोधडी आणली.

"आबा, आजीची?"

"अंथर."

जुन्या लुगड्यांचे रंगीबेरंगी तुकडे, वर तिचे टाके. ड्रोन त्यावर जागच्या जागी थांबला. नात नाचायला लागली. मी मात्र खुर्चीत बसून राहिलो.

गावाकडच्या घरात मी रात्री दिवा न लावता फिरायचो. उंबरठा, शहाबादीचा फुटका कोपरा, सगळं पायाला ठाऊक. इथे येऊन दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात रात्री बाथरूमला उठलो आणि आपण कुठे आहोत तेच कळेना. कपाटाला धरून बराच वेळ उभा होतो. डोकं चाललं आपलं, असं वाटलं. कुणाला सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी मुलाला सांगितलं. तो रागावला नाही. दुसऱ्या दिवशी पलंगापासून बाथरूमपर्यंत काथ्याच्या पट्ट्या टाकल्या, एक छोटा दिवा लावला. डॉक्टरांनाही दाखवू म्हणाला. दाखवू.

काल रात्री अनवाणी गेलो. पायाला काथ्या टोचला. बरं वाटलं.

असो. गोधडी अजून हॉलमध्येच आहे. प्रोजेक्ट संपेपर्यंत परत मिळणार नाही.