ज्याचे येणे आहे, तो बोलणारच

वडपे नाक्यावरून भिवंडीला जाणारी शेअर रिक्षा घड्याळ पाहून सुटत नाही, भरली की सुटते. म्हणून आम्ही दोघी बहिणी सकाळी साडेनऊलाच नाक्यावर येऊन उभ्या राहायचो. समोर मुंबई-नाशिक महामार्गावरचे ट्रेलर, मागे गोदामांकडे वळणारे टेम्पो. साबणापासून टीव्हीपर्यंत सगळा माल आमच्या गावाच्या आसपास उतरतो आणि तिथूनच दुकानांत जातो. तोच माल विकायला आम्ही भिवंडीतल्या एका मोठ्या दुकानात उभ्या राहायचो. दुकानाच्या नोकर म्हणून नव्हे, तर कपडे धुण्याच्या पावडरीच्या प्रमोशनसाठी. रोजंदारी एजन्सीची, टेबल कंपनीचे, जागा दुकानाची आणि शिव्या मात्र आमच्या!

हे काम बाहेरून सोपे दिसते. हसायचे, पाकीट पुढे करायचे, स्कीम सांगायची. पण नऊ तास उभे राहून हसणे किती जड असते, हे पायांना विचारावे. केरळमध्ये दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी बसायला मिळावे म्हणून अनेक वर्षे लढा दिला आणि २०१८ साली तिथे तसा कायदा झाला. २०२१ साली तामिळनाडूनेही केला. आम्हाला एक प्लास्टिकचे स्टूल मिळाले होते, पण सुपरवायझर दिसला की ते टेबलाखाली सरकवावे लागे.

रमजानचे दिवस होते. दोन मोठ्या पाकिटांवर एक बादली मोफत, असा बोर्ड आमच्या टेबलामागे होता. ईदच्या आधी घरोघरी चादरी-पडदे धुवायला निघतात, त्यामुळे पाकिटे भराभर खपली आणि बादल्या चौथ्याच दिवशी संपल्या. बोर्ड मात्र तसाच राहिला. आम्ही विचारले तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "उद्या येतील म्हणून सांगा. गिऱ्हाईक सोडू नका." आम्ही तसेच सांगत राहिलो. "उद्या या, बिल दाखवा, बादली घेऊन जा."

शांतीनगरहून येणाऱ्या एक खाला अशाच दोन पाकिटे घेऊन गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आल्या, बादली नव्हती. तिसऱ्या दिवशी आल्या, तरी नव्हती. चौथ्या दिवशी त्यांनी बिल टेबलावर आपटले आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तीन वेळा रिक्षाचं भाडं गेलं माझं! रोजा ठेवून खोटं बोलता? आईबापानं हेच शिकवलं?"

तोपर्यंत आम्ही बरेच ऐकून घेतले होते. पण आईबापाचे नाव निघाले आणि आमच्यातल्या थोरलीचा तोल गेला. ती म्हणाली, "खाला, आम्ही कंपनीच्या मालकिणी नाही. एका बादलीसाठी एवढा तमाशा?" खाला एकदम गप्प झाल्या. बिल उचलले आणि निघून गेल्या. रांगेतल्या दोन बाया आमच्याकडे पाहून हसल्या, सुपरवायझरने मान डोलावली. त्या दिवशी जिंकल्यासारखे वाटले, हे कबूल करायला हवे.

इफ्तारनंतर घरी हा किस्सा आम्ही रंगवून सांगितला. अम्मी हसली, अब्बा हसले नाहीत. त्यांनी नाक्यावर अनेक वर्षे छोटे किराणा दुकान चालवले आहे. उधारीच्या वहीत त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या आहेत, लोकांकडून येणे आणि व्यापाऱ्याचे देणे. त्यांनी एवढेच विचारले, "तिचं काही येणं होतं का तुमच्याकडे?"

आम्ही म्हणालो, "आमच्याकडे नाही, कंपनीकडे."

"उद्या या, असं कोण म्हणालं होतं? कंपनी?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. मग अब्बांनी बुखारी शरीफमधला प्रसंग सांगितला. पैगंबरसाहेबांकडे (स.) एका माणसाचे उंटाचे येणे होते. तो मागायला आला आणि फार कठोर बोलला. सोबती त्याच्यावर धावून जाऊ लागले, तेव्हा पैगंबरसाहेबांनी (स.) त्यांना थांबवले. ज्याचा हक्क आहे त्याला बोलण्याचा अधिकार आहे, असे सांगितले आणि त्याला त्याच्या उंटापेक्षा चांगला उंट द्यायला लावला. अब्बा म्हणाले, "गिऱ्हाईक ओरडलं की आधी वही उघडायची. त्याचं येणं निघालं तर मान खाली. नाही निघालं तर मग तुमचा हक्क."

त्या रात्री आम्ही मनातल्या मनात वही उघडली. चिडलेली बहुतेक गिऱ्हाइके बादलीचीच होती. उरलेली काही वेगळी होती. रोज येऊन नमुन्याच्या पुड्या मूठभर उचलणारे एक गृहस्थ होते. मोबाइल नंबर मागत टेबलाशी रेंगाळणारा एक तरुण होता. त्यांचे आमच्याकडे काही येणे नव्हते. तरीही त्यांच्यासमोर आम्ही नोकरी जाईल म्हणून हसत राहिलो आणि जिचे येणे होते तिच्यावर आवाज चढवला.

दुसऱ्या दिवशी तो तरुण आला तेव्हा आम्ही सरळ दरवाजावरच्या सिक्युरिटीच्या काकांना हाक मारली. तो पुन्हा दिसला नाही. मग एका वहीत बादली न मिळालेल्यांचे बिल नंबर लिहायला घेतले. अकरा बिले झाली. बोर्डावर कागद चिकटवला, 'बादल्या संपल्या आहेत.' सुपरवायझरने तो फाडला. "विक्री पडेल," म्हणाला. पडलीही. आमचा इन्सेंटिव्ह बुडाला, आणि पुढच्या स्कीमला बोलावणार नाही, असेही ऐकवले गेले. पण वहीचा फोटो आम्ही एजन्सीला पाठवला होता.

कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या मामेभावाने तेव्हा एक माहिती दिली. ती वाचकांच्याही उपयोगाची आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. भेटवस्तू जाहीर करायची आणि द्यायचा इरादाच ठेवायचा नाही, याला तो अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. वस्तू फुकट म्हणायची आणि तिची किंमत मालातच धरायची, हेही त्यातच येते. बिल न देणे हेसुद्धा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेव्हा भगिनींनो, बिल जपून ठेवा आणि टेबलामागच्या मुलीवर ओरडण्याआधी तिला विचारा, "हे ठरवतो कोण?" ती सांगेल.

ईदच्या चार दिवस आधी अकरा बादल्या आल्या. टेम्पोवाल्याला विचारले, कुठून आणल्या? तो म्हणाला, "वडप्याच्या पुढच्या गोदामातून." आमच्या घराशेजारून रोज जाणारा रस्ता तो!

दहा जण बादल्या घेऊन गेले. अकरावी खालांची होती. 'शांतीनगरच्या खाला' अशी चिठ्ठी लावून आम्ही ती टेबलाखाली, स्टुलाच्या जागी ठेवली. स्कीम संपली तरी त्या आल्या नाहीत. बिलावर नाव नव्हते, फोन नव्हता. शेवटच्या दिवशी एजन्सीला विचारून आम्ही ती घरी आणली. पुढच्या स्कीमला आम्हाला खरोखरच बोलावणे आले नाही. आता आम्ही दुसरीकडे काम करतो.

बादली निळी आहे, झाकणाची. अम्मी तिच्यात पाणी भरू देत नाही. अमानत आहे म्हणते. हे मासिक भिवंडीतल्या पुष्कळ घरांत जाते. शांतीनगरात कोणा खालांनी बादलीचा आणि दोन उद्धट पोरींचा किस्सा सांगितलेला तुमच्या कानावर आला असेल, तर त्यांना आमचा सलाम सांगा. बादली वडप्याला आहे. त्यांनी यायचे नाही, आम्हीच घेऊन येऊ. रिक्षाचे तीन वेळचे भाडेही द्यायचे आहे.