कोणता शब्द बघायचा नाही, बाई?

दिवाळीत नातू आला होता. माझा फोन बरेच दिवस "जागा नाही" म्हणून रडत होता, म्हणून तो नको असलेली ॲप्स काढायला बसला.

"आजी, एवढी कशाला घेतलीस गं?"

"फुकट होती म्हणून!"

तो हसायला लागला. म्हणाला, "अगं, एकेकाळी लोकांनी हजार डॉलर मोजून काहीच न करणारं ॲप घेतलंय."

मला थापच वाटली. पण गोष्ट खरी निघाली. आयफोनसाठी ॲपलचं ॲप स्टोअर १० जुलै २००८ ला उघडलं, तेव्हा त्यात जेमतेम ५०० ॲप्स होती. महिन्याभरात, ऑगस्टमध्ये, 'आय ॲम रिच' नावाचं एक ॲप आलं. किंमत ९९९.९९ डॉलर, म्हणजे तेव्हाचे चाळीस हजारांच्या वर रुपये. ते घेतलं की पडद्यावर एक लाल खडा चमकायचा. बस्स! खाली 'मी श्रीमंत आहे' अशा अर्थाच्या चार ओळी, त्यातही एक स्पेलिंग चुकलेलं. (बाई आहे, लाल पेन सुटत नाही हो.) तरी आठ जणांनी ते घेतलं! दुसऱ्याच दिवशी ते दुकानातून काढून टाकलं गेलं. गंमत म्हणजे बनवणाऱ्याने कुणाला फसवलं नव्हतं. यात काहीही दडलेलं नाही, असं त्याने लिहूनच ठेवलं होतं.

इथवर हसत होते. मग नातवाने शब्दकोशाची गोष्ट सांगितली आणि मी गप्प झाले.

त्या दुकानात प्रत्येक ॲप आधी कंपनीची माणसं तपासतात, मगच ते विकायला ठेवतात. २००९ मध्ये 'निंजावर्ड्स' नावाचा एक इंग्रजी शब्दकोश तपासणीत अडकला. कारण काय, तर शोधले तर त्यात असभ्य शब्द सापडतात! अहो, शब्दकोशात नाही सापडणार तर कुठे? शेवटी तो आला, पण काही शब्द गाळून, आणि तरीही 'सतरा वर्षांवरच्यांसाठी' असा शिक्का घेऊन. कंपनीचं म्हणणं, आम्ही शब्द गाळायला सांगितलेच नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात जुनी पुस्तकं मोफत वाचायचं 'युकॅलिप्टस' हे ॲप नाकारलं गेलं, कारण शोधलं तर त्यात आपल्या वात्स्यायनांच्या कामसूत्राचं भाषांतर मिळत होतं. तेच पुस्तक त्याच फोनवर इंटरनेटवरून वाचता येत होतं! बोभाटा झाल्यावर काही दिवसांत काहीही न गाळता परवानगी मिळाली.

आणि याच चाळणीतून एप्रिल २००९ मध्ये 'बेबी शेकर' निसटलं. रडणारं बाळ गप्प होईपर्यंत फोन हलवायचा, गप्प झालं की त्याच्या डोळ्यांवर लाल फुल्या. वाचूनसुद्धा अंगावर काटा आला. लोक खवळले, दोनेक दिवसांत ते काढलं आणि कंपनीने माफी मागितली.

मार्क फिओरे या व्यंगचित्रकाराचं ॲप डिसेंबर २००९ मध्ये नाकारलं, मोठ्या लोकांची टिंगल करतं म्हणून. एप्रिल २०१० मध्ये त्याला पुलित्झर मिळालं आणि चक्रं फिरली. पुन्हा पाठव, असा निरोप आला आणि ॲप मंजूर झालं. ज्याला बक्षीस मिळालं नाही त्याने काय करायचं?

तपासणीचे नियम सगळ्यांना वाचता येतील असे जाहीर झाले ते सप्टेंबर २०१० मध्ये. म्हणजे दुकान उघडून दोन वर्षं झाल्यावर. तोवर बनवणाऱ्याने अंदाज करत राहायचं.

हे वाचलं आणि मला सातवी 'ब' आठवली. साल १९८४ असेल. मधल्या सुट्टीत तीन मुलं वाचनालयातल्या शब्दकोशावर डोकी घालून खिदळत होती. काय शोधत होती ते कळायला बाईंना वेळ लागत नाही. मी शब्दकोश ओढून घेतला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्यातला एक चुणचुणीत मुलगा दुसऱ्या दिवशी आला आणि अगदी सरळपणे म्हणाला, "बाई, कोणता शब्द बघायचा नाही ते सांगा ना, म्हणजे बाकीचे बघतो."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी "जास्त शहाणपणा नको" म्हटलं.

कुलूप वर्षभर तसंच राहिलं. त्या वर्षी निबंधात चुका वाढल्या तर मी वर्गालाच रागावले. तो मुलगा पुन्हा कधी शब्दाचा अर्थ विचारायला आला नाही. वर्गात बाकीच्यांना मात्र नवनव्या शिव्या येतच होत्या. त्या शब्दकोशातल्या नव्हत्या.

दाराशी कुणीतरी बसायला हवं, हे मी आजही मानते. ते 'बेबी शेकर' आठवलं की जास्तच. पण बसणाऱ्याने नियम आधी मोठ्याने सांगायला हवा. सांगताना आपलीच जीभ अडखळली, तर नियमच तपासून बघावा. मला हे तेव्हा कळलं नाही, मी चावी पदराला बांधून फिरत राहिले.

असो. नातवाने फोनमधली अकरा ॲप्स काढली. शब्दकोश मात्र मी काढू दिला नाही.