ओरिजिनल

ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी (तेच ते, चॉकलेटवालं!) जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो. १९५५ पासूनची परंपरा. मला गाड्यांतलं फार कळतं अशातला भाग नाही, पण मित्राने ओढून नेलं.

आधी अर्थातच चकचकीत गाड्यांपुढे फोटो काढून घेतले. क्रोममध्ये बघून भांग पाडावा असा झगमगाट. मित्र म्हणाला, "कारखान्यातून ह्या इतक्या चकचकीत कधी निघाल्याच नव्हत्या," आणि मला पलीकडच्या रांगेत घेऊन गेला. मेळा भरवणाऱ्या अँटिक ऑटोमोबाइल क्लबने मूळ रूपात टिकलेल्या गाड्यांचा वेगळाच वर्ग ठेवलाय. तिथे परीक्षक काय शोधतात, तर जुना रंग, जुनी शिवण, जुनी काच!

तिथे उभी होती १९५७ची शेव्हरले बेल एअर. फिकट निळी. पॉलिश करकरून बॉनेटवरचा रंग इतका झिजलेला की खालचा प्रायमर दिसत होता. ड्रायव्हरच्या खिडकीत कोपर टेकायच्या जागी तर नुसता पत्रा. शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या आजोबांना मी आपला भाबडा प्रश्न विचारला, "रंग का नाही देत?"

ते हसले. म्हणाले, "रंग काय, उद्याही देता येईल. पण तिथे माझ्या वडिलांचं कोपर असायचं. ते कोण परत आणून देईल?" मग डाव्या फिनवरची क्रोमची पट्टी उघडून आत लपलेलं पेट्रोलचं झाकण दाखवलं, अगदी लहान मुलाच्या उत्साहाने.

मला मात्र आमची चेतक आठवली. पहिल्या पगारात मी बाबांना न सांगता ती रंगवून आणली होती. पोचे काढले, सीट नवी, अगदी शोरूममधून आणल्यासारखी. बाबांनी तिच्याभोवती फेरी मारली, हात फिरवला, "छान झाली" म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पुढे उभा राहून तू खिळ्याने नाव कोरलं होतंस, ते गेलं का रे?"

त्या नावापायी मी लहानपणी मार खाल्ला होता. मी ऐटीत सांगितलं, "हो, लांबी भरून बुजवलं." ते काहीच बोलले नाहीत.

परतताना मित्राने आणखी एका ५७ सालच्या गाडीची गोष्ट सांगितली. ओक्लाहोमातल्या टल्सा शहराने त्या वर्षी एक कोरी करकरीत प्लिमथ बेल्व्हेडिअर काँक्रीटच्या तळघरात पुरली, पन्नास वर्षांनी उघडायची म्हणून. २००७ साली उघडली तर आत पाणी शिरलेलं, गाडी गंजून गेलेली. आणि इकडे आजोबांची रोज वापरून झिजलेली गाडी स्वत:च्या चाकांवर मेळ्यात आली होती.

बाबा आता नाहीत. स्कूटर भावाकडे आहे. घरी पोचल्यावर त्याला फोन केला. म्हणाला, "किक मारली की सुरू होते अजून. रंग मात्र गेलाय पार, देऊन घेऊ का परत?"

म्हटलं, "नको रे. चालव फक्त. आणि तुझ्या पोराला पुढे उभं करत जा."

असो.